चिंचेखालची जागा

आमच्या धाकट्या शालनचं लग्न झालं, त्या सालची ही गोष्ट. दोन हजार नऊ. वैशाखात तिच्या पाठीशी मामा म्हणून माझा भाऊ दिनकर नवा फेटा बांधून उभा राहिला, आणि भाद्रपदात मी वडगावच्या दवाखान्यात ह्यांच्या चपला पिशवीत भरत होते.

डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. "आजी, आता घरी न्या. मागतील ते खायला द्या." याचा अर्थ मला कळला. ह्यांनाही कळला.

"सारजा," हे म्हणाले, "मला उंबऱ्याच्या आत ने. रस्त्यात काय नको व्हायला."

"रस्त्यात कशाला होतंय? आपली जीप हाय की."

इलाही मुल्ला जीप आणायला गेला होता. तो आमच्या आळीतला. होळीपासून ह्यांना स्टिअरिंग धरवेना, तेव्हापासून आमची जीप तोच चालवत होता. मी ह्यांना स्वेटर घातला, कानाला रुमाल बांधला, गोळ्या पदराला बांधल्या. इलाही आला तो हात हलवत.

"वैनी, गाडीला जॅमर लावलाय."

"म्हणजे काय केलं?"

"चाकाला लोखंडी कुलूप. हलत नाही. पार्किंगवाला म्हणतो, रोजची पावती रोज करायची होती. पहिल्या दिवशी केली, मग रोज सांजचं जनावरांच्या वैरणीला एसटीनं गावाकडं पळायचं, त्यात राहून गेलं. आता दंडासकट मागतोय. लई मागतोय."

"पार्किंग कुठलं? तुला ह्यांनी दवाखान्याच्या मागं लाव म्हणून सांगितलं होतं ना?"

खरंच सांगितलं होतं. भरती व्हायला आलो त्या दिवशी ह्यांना धड बोलवत नव्हतं, पण मागच्या फाटकाशी उतरताना इलाहीचा हात धरून म्हणाले होते, "समोर नेऊ नको. आतच कुठंतरी लाव." मला वाटलं, समोर वर्दळ असेल.

"आत डॉक्टरांच्या गाड्या," इलाही म्हणाला. "वॉचमननं हाकललं. मग समोरच लावली. दुसरी जागाच नाही कुणाला."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं.

"दिनूला निरोप धाडू का?" मी विचारलं. "त्याची वडगावात वळख हाय."

"नको," हे म्हणाले. पाच दिवस हेच चाललं होतं. दिनूला कळवू नको, नुकताच लग्नात राबलाय, त्याला कशाला त्रास. "पैसे देऊन टाक आणि चल."

वॉर्डातल्या मावशीबाई भल्या होत्या. "मी बाबांना खुर्चीवर बसवून फाटकात आणते, तुम्ही व्हा पुढं," म्हणाल्या. मी इलाहीबरोबर पुढच्या फाटकातून बाहेर पडले. पाच दिवसांत पहिल्यांदाच. आमचा वॉर्ड मागच्या अंगाला, आणि चहा-भाकरी सगळं इलाहीच आणून देत होता.

समोर रस्ता. रस्त्यापलीकडं पत्र्याचं कुंपण, आत गाड्याच गाड्या, आणि मधोमध चिंच.

चिंचा काय, खूप असतात. पण ही दोन खोडांची होती, जमिनीपासून हातभर वर फाटलेली, आणि त्या बेचक्यात मी लहानपणी बसत असे. तिच्या बुडाशी काळ्या दगडाची डोण होती, गुरांना पाणी पाजायची. तिचा एक कान फुटलेला. मोट ओढणारा आमचा बैल उधळला तेव्हा फुटलेला. त्या डोणीवर पाय पसरून पावत्या फाडणारा माणूस बसला होता.

मी रस्त्यातच थांबले. इलाहीनं दंडाला धरून ओढलं, नाहीतर रिक्षाखाली गेले असते.

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे.

हे माझ्या बापाचं रान. माझे वडील याच दवाखान्यात वारले, तेव्हा दवाखाना लहान होता. त्यांच्या दुखण्यात आई ह्याच चिंचेखाली तीन दगड मांडून भात शिजवायची, कारण दवाखान्यात येणाऱ्यांना बसायला दुसरी जागाच नव्हती. लांबलांबची माणसं तिच्या चुलीशेजारी चूल मांडायची. आई जाताना आम्हा दोघांना, मला आणि दिनकरला, म्हणाली, "चिंचेखालची जागा इकू नका. लोकांना बसू द्या."

चार वर्षांनी दिनकर आमच्या घरी आला. म्हणाला, "आक्का, मी त्या जागेवर आईच्या नावानं धर्मशाळा बांधतो. पेशंटच्या माणसांना निवारा, चुली, पाणी. जागा धर्मादाय करायची तर एकाच्या नावावर पाहिजे. तू हक्क सोड."

आमच्याकडं बहिणी हक्क सोडतातच. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं, असं सगळे मानतात, मीही मानत होते. शिवाय हे तर आईचं काम. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "दे अंगठा. पुण्याचं काम हाय." कचेरीत जाऊन मी अंगठा दिला. दिनकरनं मला जरीची साडी घेतली. घरी येताना हे एसटीत माझ्या मागच्या बाकावर बसले.

त्याच पाडव्याला आमच्या दारात जीप आली. "भिशी लागली," हे म्हणाले. मी जीपला ओवाळलं, पुढच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं. त्या जीपवर आमचं घर चाललं. हे वडगावच्या खेपा करायचे, मी रान बघायची. दोन्ही लेकींची लग्नं त्या जीपनंच केली.

वडगावहून हे आले की मी विचारायची, "धर्मशाळेचं कुठवर आलं?" आधी म्हणायचे, पाया काढलाय. मग म्हणाले, पत्रा पडला. पुढं चुली झाल्या, दोन नळ बसले, बायकांना वेगळी खोली झाली, खाली शहाबादी फरशी घातली. "लोकं पाणी पितात आणि तानूबाईचं नाव काढतात," असं हे सांगायचे. तानूबाई म्हणजे माझी आई. मला एकदा बघायला न्या म्हटलं, तर म्हणायचे, "धडधाकट माणसानं दवाखान्याच्या दारात कशाला जायचं? येईल वेळ तेव्हा बघशील." भाऊबीजेला मी दिनकरच्या नव्या घरी जायची ते एसटी स्टँडवरनं, दुसऱ्या अंगानं. सणाच्या दिवशी दवाखान्याकडं चल म्हणायला मलाही जड वाटायचं. आणि ह्या पाच दिवसांत जाऊन बघून येते म्हटलं, तर हे माझा हात सोडायचे नाहीत.

आणि दर सुगीला मी ज्वारीचं एक पोतं वेगळं काढायची. निवडून, पाखडून, तोंड शिवून. धर्मशाळेत ज्याच्याकडं काही नाही त्याची भाकरी व्हावी म्हणून. हे पोतं जीपमध्ये घालून न्यायचे. पंधरा वर्षं.

तर मी त्या डोणीसमोर जाऊन उभी राहिले.

"मावशी, पावती?" पावतीवाला म्हणाला. बबन नाव त्याचं, खिशावर शिवलेलं होतं, इलाहीनं नंतर सांगितलं.

"हितं धर्मशाळा होती ती कुठाय?"

"कसली धर्मशाळा?"

"पत्र्याची. नळ हाईत दोन."

बबननं इलाहीकडं पाहिलं. "ह्यांना बरं नाही का?"

"विचारत्यात त्याचं सांग," इलाही म्हणाला.

"मी ह्या जागेवर पहिल्या दिवसापासनं हाय. आधी नुसत्या सायकली लावत होतो, मग मोटरसायकली, आता चारचाकी. धर्मशाळा कधी नव्हती. पाणी प्यायचं असंल तर पलीकडं टपरीवर बाटली मिळती."

"जागा कुणाची?"

"दिनकरशेठची. पिसाळांची." मग तो जरा चिडला. "हे बघा मावशी, पेशंटवाले सगळे असंच करत्यात. कुणी रडतंय, कुणी वळख सांगतंय, कुणी आमदाराला फोन लावतंय. मी नोकर माणूस. जॅमर काढायचा तर पैसे भरा."

"त्याला फोन लाव," मी म्हणाले. "सांग, सारजा आलीय. चिंचेखाली बसलीय."

बबन हसला, पण त्यानं फोन लावला. बोलता बोलता त्याचं हसू गेलं आणि तो डोणीवरून उठला. "बसा आक्का," म्हणाला. मी बसले नाही.

दिनकर लगेच आला. मोटरसायकल, कपाळाला गंध, पांढरा शर्ट. पितृपंधरवडा चालू होता.

"आक्का! दाजी आजारी आणि मला परक्यागत? अगं, एक फोन करायचा! डबा दिला असता, खोली दिली असती." मग बबनवर ओरडला, "गाढवा, माझ्या सख्ख्या बहिणीच्या गाडीला कुलूप घालतोस? काढ आधी! एक रुपाया घ्यायचा नाही."

"त्यांनी सांगितलंच नाही, शेठ."

"दिनू," मी म्हणाले, "धर्मशाळा कुठाय?"

त्यानं मग फेटा नसलेल्या डोक्यावरनं हात फिरवला. "अगं, ते ट्रस्टचं काय जमलं नाही. परवानग्या, भानगडी. जागा नुसती पडून राहिली असती, कुणीतरी झोपड्या घातल्या असत्या. म्हटलं, गाड्या तरी लागू देत. तीपण पेशंटचीच सोय हाय की."

"आईनं सांगितलं होतं, लोकांना बसू द्या."

"आईला मी विसरलो का? बघ की वर!" त्यानं फाटकावरच्या मोठ्या पाटीकडं बोट दाखवलं. पिवळ्यावर लाल अक्षरं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय, इलाही?"

इलाहीनं खाली मान घालून वाचलं, "मातोश्री तानूबाई पिसाळ पे अँड पार्क."

"बघितलंस?" दिनकर म्हणाला. "अख्खं वडगाव तानूबाईत गाडी लावतं. आणि कालच आईचं पान वाढलं घरी. खीर, वडे, सगळं."

"कावळा शिवला?"

त्याचं तोंड उतरलं. इलाही दुसरीकडं बघू लागला. बबन चाकाशी वाकून उगाचच किल्ली फिरवत बसला.

"आक्का, असं बोलू नकोस."

"मला तुझं धन नको, दिनू. मला जमिनीत वाटा नको होता. तू म्हणाला असतास, आक्का, मला धंदा टाकायचाय, अंगठा दे, तरीबी दिला असता. तू आईला का मध्ये घातलीस? आणि ह्यांना किती फसवलंस तू? हे बिचारे हितं खेपा करत होते, तू त्यांना काय दाखवत होतास? ते मला येऊन सांगायचे, पत्रा पडला, नळ बसले."

दिनकर माझ्याकडं बघतच राहिला. "कोण सांगायचं?"

"तुझे दाजी."

"दाजी सांगायचे? नळ बसले म्हणून?"

त्याला हसू आलं की काय, कोण जाणे. मग त्यानं रस्त्यापलीकडं पाहिलं. दवाखान्याच्या फाटकात मावशीबाई खुर्ची धरून उभ्या होत्या आणि खुर्चीत हे होते, कानाला रुमाल बांधलेले, आमच्याकडंच बघत.

"आक्का," दिनकर हळू आवाजात म्हणाला, "मी सांगणार नव्हतो. दाजींनी शपथ घातली होती. पण सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर नको. ही जीप कुठनं आली, इचार त्यांना."

"भिशी लागली होती."

"कुठल्या भिशीत जीप लागती गं? मी दिली. तू अंगठा द्यायच्या आधीच ठरलं होतं. धर्मशाळेचं सांग, म्हंजे ती आडवी येणार नाही, हे सुद्धा माझ्या डोक्यातलं नव्हतं."

रस्त्यावरनं एक अ‍ॅम्ब्युलन्स ओरडत गेली. ती गेल्यावर पलीकडं हे तसेच बसलेले दिसले. ह्यांना ऐकू जायचं काही कारण नव्हतं. पण हे बघत होते, आणि मी मान वळवून पाहिलं तसं ह्यांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यावरून मला सगळं समजलं.

"निघाला जॅमर," बबन म्हणाला.

"चल वैनी," इलाही म्हणाला. "दादांना ऊन लागतंय."

माझ्या कमरेच्या पिशवीत एक जुनी चंची होती. दिनकर भाऊबीजेला ताटात जी ओवाळणी घालायचा, ती मी कधी मोडली नव्हती. माहेरची नोट म्हणून हळदी-कुंकवात ठेवायची. ह्यांचं दुखणं म्हणून ती चंची बरोबर घेतली होती, अगदीच अडलं तर म्हणून. ती मी सोडली. नोटा तांबड्या-पिवळ्या झालेल्या. सगळ्या बबनच्या पुढं धरल्या.

"घे. दंडासकट घे. आणि पावती फाड."

बबननं शेठकडं पाहिलं.

"आक्का, काय करतीस? माझ्या दारात येऊन तू पैसे देणार?" दिनकरचा आवाज चिरकला. "माणसं काय म्हणतील?"

"मी तुझ्या दारात आले न्हाई. मी पार्किंगात आले. सगळ्या पेशंटवाल्यांनी द्यायचे, मीबी द्यायचे. फाड रे."

"शेठ?"

दिनकरनं तोंड फिरवलं. बबननं पावती फाडली आणि नोटा घेतल्या. त्याच्या बोटांना कुंकू लागलं, ते त्यानं पँटीला पुसलं.

आम्ही ह्यांना जीपच्या मागच्या बाकावर आडवं केलं. डोकं माझ्या मांडीवर. दिनकर खिडकीशी आला, "दाजी" म्हणाला. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. इलाहीनं गाडी काढली.

वडगाव सुटलं, नदीचा पूल गेला. खड्डा आला की इलाही गाडी अगदी सावकाश घालत होता. ह्यांचा श्वास घरघरत होता. मग हे बोलले.

"सारजा."

"बोलू नका. दम लागतोय."

"तू इचार मला."

मी बाहेर बघितलं. उसाला तुरे यायला वेळ होता, रानं हिरवीगार होती. शेवटी विचारलं, "जीपचं न्हाई इचारत. घर चाललं त्यावर, मी पण खाल्लंय. पण नळ, फरशी, बायकांची खोली, हे कशाला सांगत होता? जमलं न्हाई म्हणून एकदाच सांगितलं असतं, मी चार दिवस रडले असते आणि गप्प बसले असते."

हे थोडा वेळ दम खात राहिले.

"पयल्यांदा भ्यालो म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "मग तू ऐकत बसायचीस. चुलीपुढं. तुझं तोंड असं व्हायचं की... मग पुढच्या खेपेला अजून थोडं सांगायचो."

मी त्यांच्या कानाचा रुमाल नीट केला.

"आणि माझी ज्वारी?"

ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. इलाहीनं आरशातनं एकदा मागं पाहिलं आणि नजर रस्त्यावर ठेवली.

"सांगा की. पंधरा पोती. निवडून द्यायची मी. ती कुठं जायची?"

"बाजारात," हे म्हणाले.

पुढं वारा लागत होता म्हणून मी पदर त्यांच्या छातीवर टाकला आणि तो हातानं दाबून धरला. गावच्या ओढ्याशी त्यांनी पाणी मागितलं, ते पाजलं. घरी माणसं जमली होती. त्यांना उचलून उंबऱ्याच्या आत घेतलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला नाही. कारण दोन्ही लेकी बघत होत्या.

पुढं ते तीन आठवडे जगले. त्यांचं न्हाऊ-माखू, जेवण, औषध, सगळं मी केलं. धर्मशाळेचा शब्द पुन्हा निघाला नाही. दिवसकार्याला दिनकर माहेरचं लुगडं घेऊन आला. मी त्याला पाट दिला, चहा दिला. लुगडं तो जाताना त्याच्या मोटरसायकलवर बांधून दिलं. जीप मी इलाहीला देऊन टाकली. तो अजून तिच्या काचेवर कुंकू लावतो, तुझीच रीत हाय म्हणतो.

त्यानंतर मी अक्षरं शिकले, नातीच्या पाटीवर. लोक म्हणायचे, आता ह्या वयात काय करायचीय वाचून. पहिल्यांदा मी आपलं आपण जे वाचलं ती बबननं फाडलेली पावती. वरती आईचं नाव छापलेलं होतं. खाली वाहनाचा प्रकार लिहिला होता, जीप.

रंगराव बाबू खोत, माझे मालक, सहा ऑक्टोबर दोन हजार नऊ रोजी, मंगळवारी सकाळी, आमच्या घरी वारले. दिनकर तातोबा पिसाळ, माझा भाऊ, दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत, चिंचेसमोरच्या त्या दवाखान्यात वारला.